पुस्तकच द्या हातात

प्रति,
माननीय अध्यक्ष,
सावित्रीबाई फुले पुतळा समिती (यथावकाश स्थापन होणारी),
भैंसा, जि. निर्मल, जुना आदिलाबाद.

स. न. वि. वि.

तेलंगणा सरकारने २०२५ मध्ये ३ जानेवारी, म्हणजे सावित्रीबाईंची जयंती, हा महिला शिक्षक दिन जाहीर केला. तेव्हापासून मोकळा चौक दिसला की आपला जीव चौथऱ्यासाठी तळमळत असणार, म्हणून आधीच लिहून ठेवतो.

मूर्तिकाराला एवढंच सांगा: बाई बसलेल्या, डोक्यावर पदर, ठसठशीत कुंकू, मांडीवर पुस्तक. पुस्तक मिटलेलं असलं तर उत्तम. बासरची सरस्वती तासाभरावर आहे. पोरांना अक्षराभ्यासाला तिथे नेणाऱ्यांना ही मुद्रा ओळखीची वाटेल, नारळ फोडायलाही बरं पडेल.

काही चळवळे भलतंच सुचवतील. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. दत्तक यशवंताने टिटवं धरायला भाऊबंद आडवे आले, तेव्हा सावित्रीबाईंनीच टिटवं उचललं, प्रेतयात्रेपुढे चालल्या आणि अग्नीही दिला. आता टिटवं धरलेली ब्राँझची बाई चौकात उभी केली, की तिच्यासमोरून गावातल्या साऱ्या अंत्ययात्रा जाणार आणि बायका घरीच! कशाला उगाच चर्चा?

दुसरी सूचना शेणाची येईल. शाळेला जाताना लोक शेण मारायचे, म्हणून बाई जादा लुगडं बरोबर ठेवत. लुगडं दाखवलं तर फेकणारेही दाखवावे लागतील, आणि त्यांचे चेहरे नेमके एखाद्या देणगीदाराच्या पणजोबांसारखे निघायचे.

१८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन त्या यशवंताच्या दवाखान्यात गेल्या. पोर वाचलं, बाई १० मार्चला गेल्या. फार सुंदर शिल्प होईल. पण खालच्या पाटीवर वस्तीचं नाव कोरावं लागेल, तेव्हा राहू द्या.

सहकारी फातिमा शेख? त्यांचं नाव सावित्रीबाईंच्या १८५६ च्या पत्रात आहे, हे खरं. पण आपल्याकडे मराठी, तेलुगू, उर्दू एका बाजारात चालतात. एका चौथऱ्यावर नको.

जागेचा वाद निघालाच, तर आपल्या गावावरून जाणाऱ्या कल्याण-निर्मल रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे बघा. कल्याणच्या डॉ. आनंदीबाई जोशींची रक्षा अमेरिकेत पोकिप्सीला आहे आणि शुक्रावरच्या एका विवराला त्यांचं आडनाव आहे. तिथे अतिक्रमण नाही, की अनावरणाला आमदारांची वाट बघणं नाही.

समितीत बाई हवीच, असा आग्रह झाला तर रांगोळी, औक्षण आणि स्वागतगीत ही तीन खाती राखून ठेवावीत. हार घालायच्या शिडीवर मात्र आपणच चढावं.

कळावे,
आपला,
एक भावी देणगीदार

ता. क. : बाजाराला येणाऱ्या बायका म्हणतील, या पैशात चौकात आमच्यासाठी आधी मुतारी बांधा. त्यांना निमंत्रणपत्रिका जरूर पाठवा, आर्ट पेपरवर.