सन्मानिकाधारकांस अनावृत पत्र

मालवण, जि. सिंधुदुर्ग

पहिल्या दोन रांगांत विराजमान होणाऱ्या समस्त सन्मानिकाधारक मंडळींस तिकीट-टेबलावरच्या सेवकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, गेल्या मोसमात आमच्या मंडळाने मुंबईचं एक नाटक मालवणात आणलं. रात्री साडेनऊचा एकच प्रयोग. नटाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर पत्र वाचून व्हायच्या आत तुमचा फोन येईल. रोज संध्याकाळी टीव्हीवर दिसणारा चेहरा, एवढं पुरे. बाजारपेठेत एका दुकानाच्या पायरीवर टेबल मांडून, खुर्च्यांचा प्लॅन पुठ्ठ्यावर चिकटवून आणि दोन रंगांची पेनं घेऊन मी बसलो होतो. विकलेल्या खुर्चीवर निळी फुली, राखीव खुर्चीवर लाल. पहिलं तिकीट विकलं जायच्या आधीच पुठ्ठ्याचा वरचा भाग गोवर उठल्यासारखा लाल झाला होता.

आपल्या फोनची सुरुवात नेहमी चौकशीने होते.

“तो टीव्हीतलो ना रे? खरोच येतलो?”

येतलो, म्हणालो.

“स्वतः? की तेच्या जाग्यार दुसरोच कोण?”

स्वतःच.

“मगे दोन पास ठेव. पुढचे हां. खांबाच्या मागचे नको.”

तिकीट पाचशेचं आहे हे मी सांगेपर्यंत तिकडे फोन ठेवलेला असतो. दुसऱ्या दिवशी बाजारात गाठ पडली की तुम्ही चारचौघांत मला थांबवता आणि विचारता, “पाचशे? नाटकाचे? लुटतास की काय लोकांका?” लोकांबद्दलचा हा कळवळा पाहून माझे डोळे पाणावतात. तिकीट महाग असल्याची तक्रार मला सगळ्यात जास्त त्यांच्याकडूनच ऐकायला मिळाली, ज्यांना ते काढायचंच नव्हतं.

मंडळी, आपण मालवणची माणसं. भाव कसा ठरतो हे आपल्याला शाळेत शिकवावं लागत नाही. बंदरावर होडी लागते, टोपल्या वाळूत उतरतात, लिलाव पुकारला जातो. सुरमई कमी आली तर आकडा चढतो, बांगडा रग्गड आला तर उतरतो. त्या गर्दीत शिरून “माका मानाची सुरमई दी, पुढची हां, शेपटीकडची नको” असं म्हटल्याचं निदान माझ्या तरी ऐकिवात नाही. एकदा म्हणून बघाच. मासळीवाली मावशी जे उत्तर देईल ते या पत्रात छापता येणार नाही. पर्यटनाच्या मोसमात हॉटेलवाला फळ्यावरचा थाळीचा दर पुसून नवा लिहितो, तोही तुम्ही निमूट भरता आणि वर सोलकढी जादा मागवता. महागाई तुम्हाला आठवते ती फक्त पडदा उघडायच्या वेळी.

आता पाचशेच का, तेही सांगतो. नाटकाच्या पाचशे रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही. 2017 साली ही सवलत अडीचशेपर्यंत होती, 2018 च्या जानेवारीत ती पाचशेवर नेली. त्यावर एक रुपया चढवला की अठरा टक्के लागतात, आणि ते वरच्या एका रुपयावर नव्हे तर अख्ख्या तिकिटावर. म्हणजे पाचशे एक रुपयांचं तिकीट प्रेक्षकाला पाचशे एक्याण्णवला पडतं. त्यामुळे बरेच निर्माते पाचशेपाशी येऊन थांबतात. नाटकाची गाडी मुंबईहून येते तीही पाचशेक किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला रुपया पडला. त्या रुपयात सेटचा टेम्पो, कलाकारांची बस, प्रत्येकाची नाईट म्हणजे प्रयोगाचं मानधन, लाइट, साउंड, नाट्यगृहाचं भाडं, राहण्याची सोय आणि वीस-पंचवीस माणसांचं जेवण. जेवणात मासे लागतात. नट मालवणात येतो तो थोडासा नाटकासाठी आणि बराचसा माशांसाठी, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

पुण्या-मुंबईत चाललेल्या नाटकाचे प्रयोग एकामागून एक लागतात. आजचं चुकलं तर पुढच्या रविवारी. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेआठ लाखांच्या आत आणि मालवण शहराची वीस हजारांच्या आत. इथे असा नट वर्षातून एखादे वेळी येतो, तोही एका रात्रीपुरता. सगळी मागणी त्या एका रात्रीवर कोसळते आणि दर मात्र पाचशेला खुंटलेला. माणसं जास्त, खुर्च्या मोजक्या आणि भाव चढत नाही. अशा वेळी पुढची खुर्ची कोणाला मिळायची हे पैसा ठरवत नाही, म्हणून ओळख ठरवते. त्या ओळखीला आपण शुद्ध मराठीत सन्मानिका म्हणतो.

या सन्मानाची किंमत एकदा काढून बघू. समजा सहाशे खुर्च्या आहेत आणि त्यातल्या पुढच्या शंभर तुमच्या. पाचशेच्या हिशेबाने पन्नास हजार रुपये. गाडीचं डिझेल, नटाची नाईट, साउंडवाल्याचं बिल यातलं काहीच तुमच्या मानाकडे बघून कमी होत नाही. ते पन्नास हजार उरलेल्या पाचशे माणसांच्या डोक्यावर बसतात, डोई शंभर रुपये. म्हणजे मागच्या रांगेतला माणूस स्वतःचं तिकीट काढतो आणि तुमच्या तिकिटाचा पाचवा हिस्साही भरतो. तिकीट महाग आहे ही तुमची तक्रार अगदी खरी आहे. कारण मात्र तुम्ही स्वतः आहात.

मागच्या रांगेतलं एक गिऱ्हाईक सांगतो. आचऱ्याहून एक बाई आल्या. तीनशेची दोन तिकिटं हवी होती. पैसे काढायच्या आधी त्यांनी एकच विचारलं, “नाटक कितक्या वाजता सुटतला? शेवटची एस्टी गावतली मां?” गावतली नाय, म्हणालो. नाटक सुटेपर्यंत साडेबारा होणार. त्या क्षणभर गप्प राहिल्या. बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाल्या, “ऱ्हवांदे, रिक्षा ठरवतंव.” मालवण ते आचरा रात्रीची रिक्षा, तीही नाटक संपेपर्यंत थांबवून ठेवलेली. ते भाडं दोन तिकिटांच्या वर गेलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा त्यांनी दोनदा मोजून दिल्या आणि प्लॅनवर बोट ठेवून विचारलं, “हयसून दिसतला मां?” मी दिसतला म्हणालो. त्या खुर्चीच्या पुढे खांब होता, थोडासा. त्या गुन्ह्याची कबुली मी या पत्रात देऊन टाकतो. पुढच्या दोन रांगा लाल होत्या.

यावर तुमचं ठरलेलं उत्तर मला ठाऊक आहे: आमच्याकडे नाटक फुकटच बघतात, दशावतार फुकट नाही काय? कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर बाकडं मांडलं जातं, पेटी, पखवाज, झांज जमते, काळा संकासूर लाल जीभ काढून नाचून जातो आणि मग रात्रभर राजे आणि राक्षस लिहिलेल्या संहितेशिवाय एकमेकांना शब्दांत पकडत राहतात. पहाटे दहीकाला होतो आणि माणसं थंडीत अंगाभोवती चादर लपेटून घरी जातात. तिकीट नाही हे खरं. पण फुकट? कंपनीला पैसे मोजलेले असतात. गाव मोजतं, देवस्थान मोजतं, नाहीतर कोणाचा नवस फिटलेला असतो तो मोजतो. आणि मानकऱ्यांचा मान असतो तो नारळाला नि तीर्थप्रसादाला. नाटक बघायला जो आधी चटई टाकेल तो पुढे बसेल. दशावतारात सगळ्यांच्या पैशाने सगळे बघतात. तुमच्या पद्धतीत सगळ्यांच्या पैशाने तुम्ही बघता. फरक एवढाच आहे.

नट मोठा असेल तर मराठी माणूस जादा मोजायला कचरत नाही, हेही जुनंच. 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकत्र उभे राहिले, ते संयुक्त ‘मानापमान’. प्रयोग टिळक स्वराज्य फंडासाठी होता. नेहमीपेक्षा कितीतरी चढ्या दराची तिकिटं लोकांनी आनंदाने घेतली. इतका मोठा मान आणि अपमान एका रात्रीत तिकीट काढून बघितला गेला.

आणि आपल्या मातीतलं बघायचं तर ‘वस्त्रहरण’. गंगाराम गवाणकरांचं हे मालवणी नाटक 1980 च्या फेब्रुवारीत रंगभूमीवर आलं ते टीव्हीतल्या चेहऱ्याच्या जोरावर नव्हे. त्यात तात्या सरपंच झालेले मच्छिंद्र कांबळी मालवण तालुक्यातल्या रेवंडीचे. सुरुवातीला नाटक रखडलं, मग पु. ल. देशपांड्यांनी ते बघून तोंडभरून दाद दिली आणि पुढे पाच हजारांवर प्रयोग झाले. तात्या सरपंचाला स्टार केलं ते खिडकीवर रांग लावणाऱ्या, गिरणगावातून आणि उपनगरांतून आलेल्या कोकणी माणसांनी. पदरचे पैसे मोजून. सन्मानिकांनी एखादा नट मोठा केल्याचं उदाहरण आपल्याला माहीत असल्यास कळवावं, मी पुढच्या प्रयोगाला आपली खुर्ची राखीव ठेवीन.

आणखी एक. 2023 च्या मे महिन्यात आपल्या शेजारच्या रत्नागिरीत ‘तू तू मी मी’चा प्रयोग होता. नाट्यगृहातल्या वातानुकूलन आणि ध्वनिव्यवस्थेच्या अवस्थेवरून भरत जाधव यांनी मंचावरून प्रेक्षकांची माफी मागितली आणि पुन्हा रत्नागिरीत प्रयोग करणार नाही असं सांगून टाकलं. नट माफी मागतो, कारण समोरच्याने पैसे मोजलेत हे त्याला माहीत असतं. पैसे मोजणारा घामाघूम झाला की जाब विचारतो. पास घेणारा कोणाला विचारणार? कोकणातल्या कुठल्याही नाट्यगृहात जा, पंख्याचा, एसीचा, स्वच्छतागृहाचा जाब ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांनी विचारावा, आणि नेमकी तीच माणसं पुढे फुकट बसलेली. फुकट ता पौष्टिक, हे खाण्याच्या बाबतीत खरं असेल. नाट्यगृहाच्या बाबतीत फुकट ता मुकाट.

असो. आता त्या रात्रीचं सांगतो, कारण तुमच्यापैकी पुष्कळांना ते माहीत असण्याची शक्यता नाही. तिसरी घंटा साडेनऊला व्हायची, ती दहाला दहा कमी असताना झाली. आम्ही तुमची वाट बघत होतो. पडदा उघडला तेव्हा पहिल्या दोन रांगांत चौदा खुर्च्या रिकाम्या होत्या, पाठीवर ‘राखीव’ असे कागद चिकटवलेल्या. मागे भिंतीला टेकून पोरं उभी होती. मध्यंतरात आणखी नऊ जण चहा-वड्याला गेले ते परत आलेच नाहीत. प्रयोग मात्र रंगला. टाळ्या मागून आल्या, खांबाच्या आजूबाजूने. नाटक सुटल्यावर बाहेर आलो तर आचऱ्याच्या त्या बाई कोणाचीही वाट न बघता रिक्षाकडे गेल्या. मेकअप रूमच्या दारात मात्र तुम्ही हजर होतात, मध्यंतरात गेलेले नऊही. प्रत्येकाने फोटो काढला. एकाने तर “काय काम केलास!” असंही म्हटलं. फोटोंची रांग संपल्यावर नटाने मला बाजूला घेऊन विचारलं, “पुढच्या रांगा गेल्या नव्हत्या का?”

“गेल्या होत्या,” मी म्हणालो. “विकल्या नव्हत्या.”

तो हसला नाही. असं न हसण्याची वेळ त्याच्यावर गावोगावी येत असावी.

तेव्हा मंडळी, दोन नम्र सूचना. पहिली, पुढल्या खेपेला पहिल्या रांगेचा बंदरावर लिलाव करू. सकाळी होड्या लागल्या की सुरमईनंतर लगेच. ज्याला मान हवा त्याने मोठ्याने आकडा बोलावा, गावाने ऐकावा. मानाचं काम उघड्यावर झालेलं बरं.

दुसरी सूचना मामा वरेरकरांच्या नावाने. मालवणच्या नाट्यगृहाला त्यांचं नाव आहे. नाटककार मामा काही काळ टपाल खात्यात नोकरीला होते. टपाल खात्याचा एक जुना रिवाज आहे. बिनतिकिटाचं पत्र आलं तर ते परत धाडत नाहीत, पोचवतात, पण नॉटपेड म्हणून तिकिटाची दुप्पट रक्कम घेणाऱ्याकडून वसूल करतात. मामांच्या नाट्यगृहात हाच नियम लावायला काय हरकत आहे? बिनतिकिटाचा माणूस आला तर अडवायचं नाही. आदराने पहिल्या रांगेत पोचवायचं आणि हजार रुपये घ्यायचे. पावतीवर लिहायचं: नॉटपेड.

दोन्ही सूचना पसंत नसतील तर तिसरा रस्ता सगळ्यात सोपा आहे. मालवणात पुन्हा नाटक यावं असं वाटत असेल तर दुकानाच्या पायरीपाशी या, आचऱ्याच्या बाईंच्या मागे उभे राहा, पाचशेची नोट टेबलावर ठेवा आणि कुठली खुर्ची हवी ते बोट ठेवून दाखवा. खांबामागची नको असेल तर लवकर या.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
लाल-निळ्या पेनवाला

ता. क. या पत्रावर पूर्ण दराचं तिकीट मी माझ्या पैशाने लावलेलं आहे.