चॅप्टरकाका

सकाळी दारात दुधाची पिशवी पडली की आमच्या इमारतीतले बाकीचे लोक ती उचलतात. चॅप्टरकाका ती वाचतात. चष्मा कपाळावरून नाकावर उतरतो, पिशवी उजेडाकडे धरली जाते आणि फॅटच्या आकड्यावर बोट ठेवून ते पुटपुटतात, "साडेचार. झिरो फोर झिरो वन, ट्वेंटी." मगच पिशवी उंबरा ओलांडते.

"सुटला का माल?" काकू आतून विचारतात. चहाचं आधण केव्हाचं उकळत असतं.

काकांनी चौतीस वर्षं डोंबिवली ते बॅलार्ड इस्टेट अशी लोकल धरली. एका क्लिअरिंग एजंटाकडे ते क्लासिफिकेशन बघायचे. म्हणजे बोटीतून आलेला माल कस्टमच्या कुठल्या खणात बसतो ते ठरवायचं. निवृत्त झाले, पण खण सुटले नाहीत. केळवणाला बोलवा, ताटाकडे बघून चॅप्टर सांगतील: मीठ पंचवीस, लोणचं वीस, पापड एकोणीस. वरण गार होतं, पण बिनहेडिंगाचा घास घशाखाली उतरत नाही.

त्यांचा खरा जीव चॅप्टर चारवर. दूधदुभतं, अंडी, मध. ही सगळी मांडणी ब्रसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची. १ जानेवारी १९८८ पासून लागू. दोनशेहून जास्त देश आणि प्रदेश ती वापरतात. पहिले सहा आकडे जगभर सारखे, पुढचे दोन आपण आपले जोडलेले. वारकऱ्याने पंढरपूरचं नाव घ्यावं तसं काका ब्रसेल्सचं घेतात. फक्त वारी एकदाही घडलेली नाही.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात कौतुकाने म्हणाल्या, "काका, आम्ही आता लो फॅट सुरू केलंय. डबल टोन्ड."

"किती टक्के?"

"दीड."

"मग कसलं लो फॅट?" काकांनी पिशवी खाली ठेवली. वहिनींनीही ठेवली, त्यांना अनुभव होता. "लो फॅट हा शब्दच टॅरिफमध्ये नाही. वजनात एक टक्क्यापर्यंत फॅट असेल तर ०४०१.१०. एकच्या वर गेलात की थेट सहापर्यंत ०४०१.२०. तुमचं दीडवालं आणि आमचं साडेचारवालं एकाच बाकावर! ब्रसेल्सला विचारा."

वहिनींनी महिनाभर बिनशेंगदाण्याचे पोहे खाल्ले होते. त्या ब्रसेल्सला काय विचारणार? दुसऱ्या दिवसापासून त्या लिफ्टने जायला लागल्या.

सहाच्या पुढची कथा काका आवाज खाली आणून सांगतात. पूर्वी सहाच्या वरचं सगळं ०४०१.३० मध्ये एकत्र नांदायचं. २०१२ साली वाटण्या झाल्या: दहा टक्क्यांपर्यंत ०४०१.४०, त्यापुढे ०४०१.५०. तीस नंबर रिकामा तो रिकामाच. "घर मोडलं, पण दुसरा भाडेकरू नाही ठेवला," हे म्हणताना त्यांचा स्वर भावकीतल्या वाड्याबद्दल बोलावं तसा होतो.

या वाटणीचा फटका त्यांच्या सासुरवाडीच्या म्हशीला बसला. सांगलीकडच्या त्या गावात काका एकदा मेहुण्याबरोबर डेअरीवर गेले. किटली रिकामी झाली, मशीनमधून पावती आली. "फॅट किती लागली?" काकांनी विचारलं.

"सात पॉइंट दोन, दाजी!" मेहुण्याची छाती फुगली. फॅटवर दर, दरावर संसार.

"अरे, मग ही सहाच्या वर गेली. क्रीमवाल्यांच्या खणात!"

"दाजी, म्हस हाय ती. तिला मोकळं रान लागतं, खण नगं."

काकांनी तिथेच, शेणाच्या वासात, समजावून सांगितलं: ०४०१ मध्ये दूध आणि क्रीम दोन्ही येतात आणि आत शिरल्यावर कुणाला नावाने हाक मारत नाहीत, फक्त फॅट विचारतात. मेहुण्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आमचा डेअरीवाला तरी दुसरं काय करतोय?"

जगाची व्यवस्था आणि गावची डेअरी एकाच तत्त्वावर चालते, हे ऐकून काका इतके हरखले की येताना म्हशीच्या पाठीवर हात फिरवून आले.

हसायला सोपं आहे. पण ऑफिसात एकदा फॅट काढलेल्या दुधाचे खोके आले. कागदावर ०४०१.१०, तपासणीच्या रिपोर्टात फॅट १.१. काका अडून बसले. साहेब म्हणाले, "अहो, ड्युटी दोन्हीकडे तेवढीच आहे. एका दशांशासाठी काय जीव काढता?" काका म्हणाले, "ड्युटी सारखी असेल साहेब, दूध सारखं नाही." बिल ऑफ एंट्री दुरुस्त झालं. कुणाचा रुपया वाढला नाही की घटला नाही. देशात कुठलं दूध किती आलं, याच्या सरकारी आकड्यात तेवढे खोके आपल्या जागी गेले. त्या रात्री काका श्रीखंड घेऊन घरी आले. त्याचं हेडिंग मात्र विचारू नका. अजून तळ्यात-मळ्यात चाललंय.

डॉक्टरांनी साखर बंद केली तेव्हा काकूंना धास्ती होती. काकांनी ती एका दिवसात सोडली, पण डॉक्टरांसाठी नव्हे. "साध्या दुधात चमचाभर साखर पडली की ते ०४०१ मधून उठून ०४०२ मध्ये जातं. रोज रात्री कशाला स्थलांतर?"

रविवारी काकू लोणी काढतात, तेव्हा काकांना ओट्याजवळच स्टूल लागतं. आठवडाभराची साय: ०४०१.५०. विरजण लागलं की ०४०३. रवी फिरू लागते आणि काकांचा जीव वरखाली होतो. "पाणी नीट काढ गं. ऐंशी टक्के फॅट भरली तरच ते लोणी. कमी पडली तर डेअरी स्प्रेड होईल!"

"माझ्या आईनं पन्नास वर्षं काढलं, तिचं कधी स्प्रेड नाही झालं," काकू लोण्याचा गोळा थंड पाण्यात फिरवत म्हणतात.

लोणी ०४०५.१०, ताक परत ०४०३, कढवून तूप झालं की ०४०५.९०. एका पातेल्याने सकाळभरात इतक्या सरहद्दी ओलांडल्या.

मागच्या रविवारी मी ताक न्यायला गेलो होतो. तूप गाळून झालं होतं. काकूंनी कढईचा तळ उलथन्याने खरवडला आणि विचारलं, "अहो, आणि बेरी?"

काका गप्प झाले. चष्मा पुसला. फळीवरचं पुठ्ठा निघालेलं टॅरिफ आलं, पानं उलटली. लोणी नाही, तूप नाही, चीज तर नाहीच. दहा मिनिटांनी बोट थांबलं. "०४०४.९०! दुधातलेच नैसर्गिक घटक, इतरत्र कुठे न सांगितलेले." मग त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली, आणि चेहऱ्यावर मी कधी न पाहिलेलं हसू आलं.

"अगं, इथे साखर घातली तरी हेडिंग बदलत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी वाटी पुढे केली.

काकूंनी डबा उघडला. चमचा अर्धाच भरला.