‘मोठा कुत्रा द्यायचाय’ हे कळल्यावर फोन करणाऱ्या तमाम श्वानप्रेमींस



आमच्याकडे एक ग्रेट डेन आहे आणि त्याला कायमचं घर हवं आहे, ही बातमी फुटल्यापासून आपण सर्वांनी जे प्रेम दाखवलंत त्याने आम्ही भारावून गेलो आहोत. पुण्यात एवढं प्रेम शिल्लक असताना हा प्राणी हायवेवरच्या ढाब्यामागे खांबाला बांधलेला कसा सापडला, याचा उलगडा होत नाही. असो. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर देणं शक्य नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

नाव बाळ्या. वजन पंचावन्न किलो, आणि डॉक्टरांच्या मते अजून भरायला हवं. रंग जवळजवळ पांढराशुभ्र, ज्यावर आपण सारे भाळलात. हा रंग म्हणजे एका ब्रीडरचा हिशेब आहे. राखाडी-काळ्या डागांचे, म्हणजे मर्ल किंवा हार्लेक्विन रंगाचे कुत्रे महाग विकले जातात. मग नरही तसाच आणि मादीही तशीच घेतली की माल जास्त, असा तो सोपा गुणाकार. निसर्गाचा हिशेब थोडा वेगळा आहे. अशा जोडीच्या प्रत्येक पिल्लाला मर्लचं जनुक आई आणि बाप दोघांकडून मिळण्याची शक्यता चारात एक असते. तसं झालं, म्हणजे पिल्लू ‘डबल मर्ल’ निघालं, की रंग उडतो, आणि रंगाबरोबर पुष्कळदा कान-डोळेही जातात. कानाच्या आतल्या भागात रंगपेशी नसतील तर ऐकण्याच्या पेशी जन्मानंतर काही आठवड्यांतच मरतात. बाळ्या दोन्ही कानांनी ठार बहिरा आहे, डावा डोळा बारीक आणि अधू आहे, आणि मागचे खुबे कमजोर आहेत. आपण ज्याला ‘रॉयल लुक’ म्हणालात, तो हा.

मुळशीत फार्महाउस असलेल्या साहेबांचा फोन सर्वांत आधी आला. दोन एकर जागा, मोकळी हवा, आणि रात्री राखणीला एक दांडगा कुत्रा हवा. साहेब, आपल्या औदार्याबद्दल आभार. पण हा राखणदार चोराने कुलूप फोडलं तरी झोपलेला असेल. चोराचा पाय लागला तर जागा होईल, दचकेल, आणि मग चोराइतकाच घाबरेल. आठवड्याचे पाच दिवस त्याला कोण बघणार, असं विचारल्यावर आपण ‘वॉचमन भाकरी टाकतो ना’ म्हणालात. त्या वॉचमनची मुलाखत घ्यायची आमची तयारी आहे. त्यालाच दत्तक द्यावा असं मनात येतं.

‘पेपर आहेत का?’ विचारणाऱ्या तरुणास: नाहीत. आणि नसबंदी झाली आहे. नसती झाली तरी डबल मर्लच्या प्रत्येक पिल्लात ते जनुक उतरतंच, हे आपल्याला ठाऊक असावं, कारण पुढचा प्रश्न आपण ‘पिल्लं किती रंगीत निघतील?’ असा केलात.

ज्यांना ज्योतिषाने कुत्र्याला पोळी घालायला सांगितली आहे, त्यांनी रंग पुन्हा एकदा पाहावा. शनीला काळा लागतो. हा चालणार नाही.

मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याला नेऊ इच्छिणाऱ्या मातापित्यांना एवढंच सांगतो की ग्रेट डेन साधारण सात ते दहा वर्षं जगतो. बाळ्या पाच-एक वर्षांचा असावा. म्हणजे मुलगा दहावीला पोहोचेल तेव्हा बाळ्या म्हातारपणात असेल, आणि बोर्डाचं वर्ष आलं की काय होतं ते आम्ही पाहिलं आहे. ‘गावाला पाठवला’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की महाराष्ट्रातल्या गावांत आता कुत्र्यांशिवाय कुणी राहत नसावं असं वाटतं.

‘आम्ही शाकाहारी आहोत, त्यालाही सवय लावू’ म्हणणाऱ्यांना नमस्कार.

सोसायटीच्या सेक्रेटरींचं पत्र मात्र जपून ठेवलं आहे. आमच्याकडच्या ‘तात्पुरत्या वास्तव्याबद्दल’ त्यांनी ते पाठवलं. लहान कुत्र्यांना हरकत नाही, मोठे चालणार नाहीत, लिफ्ट तर नाहीच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना आम्ही उत्तरादाखल जोडल्या: बहुमताचा ठराव करूनही सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लहान चालेल मोठा नको असा भेद करता येत नाही, आणि लिफ्टही नाकारता येत नाही. उत्तर आलं नाही. बाळ्या आता लिफ्टने जातो. त्याच लिफ्टशेजारी दत्ताची तसबीर आहे, रोज ताजा हार. तसबिरीत चार कुत्रे आहेत. त्यांच्या परवान्याबद्दल समितीने अद्याप विचारणा केलेली नाही.

आता जरा वेगळं. सगळेच फोन असे नव्हते. सदाशिव पेठेतल्या एका कुटुंबाने बाळ्याला तीनदा येऊन पाहिलं. आजोबांनी बहिऱ्या कुत्र्याला खुणा कशा शिकवायच्या ते वाचून काढलं होतं: बस म्हणजे मूठ, ये म्हणजे छातीकडे ओढलेला हात, शाबास म्हणजे अंगठा. त्याला मागून हात लावायचा नाही, झोपेतून उठवताना जमिनीवर पाय आपटायचा की थरथर कळते, हेही त्यांना माहीत होतं. बाळ्याने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं, आणि त्याचं डोकं म्हणजे एक लहान मूलच. पण घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि लाकडी जिना इतका अरुंद की बाळ्याला वळताच येणार नाही. खुबे आखडले की त्याला उचलायला दोन धडधाकट माणसं लागतात. तिथे सत्तरी ओलांडलेले दोघे आणि दिवसभर ऑफिसात असलेली सून. आम्ही नाही म्हणालो. आजींना ते पटलं नाही, आणि त्या आमच्याबद्दल जे बोलल्या त्यातलं बरंचसं मला मान्य आहे. तरी उत्तर बदलणार नाही. फार्महाउसवाल्या साहेबांना नकार देताना मजा येते. खरं काम आहे ते अशा माणसांना नकार देण्याचं.

कारण प्रेमाची टंचाई नाहीच. टंचाई आहे ती तळमजल्याची. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर त्याचे मागचे पाय फाकतात, म्हणून रबरी मॅट अंथरलेलं घर हवं. ‘शोभा जाते’ असं वाटणाऱ्यांनी तसदी घेऊ नये. दिवसा घरात कुणीतरी हवं. रिक्षात तो मावत नाही, तेव्हा मागची सीट पाडता येणारी गाडी हवी, आणि रात्री दोन वाजता ती काढणारा माणूस हवा. या जातीत पोट फुगून आतल्या आत पिळा पडतो. कुत्रा ओकायला बघतो पण काही पडत नाही, पोट ढोलासारखं होतं, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर संपतं. सकाळपर्यंत वाट बघू म्हणणाऱ्या घरात हा कुत्रा जगणार नाही. म्हणून जेवण दिवसातून तीनदा थोडं थोडं, आणि जेवल्यावर उड्या नाहीत. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी. तोंडी परवानगीवर आलेले कुत्रे आमच्याकडे परत येतात. घरात आधीचा एखादा शांत कुत्रा असला तर फारच चांगलं, कारण बहिरा कुत्रा दुसऱ्याकडे बघून पुष्कळ शिकतो. मोकळा सोडायचा नाही, कधीच नाही, कारण हाक मारून तो थांबणार नाही.

बदल्यात काय मिळेल? लक्ष्मीपूजनाच्या रात्री अख्ख्या गल्लीतली कुत्री पलंगाखाली थरथरत असताना हा बाल्कनीच्या दाराशी घोरत असतो. आणखी मोठा लाभ मला सांगता येत नाही.

या अटी जाचक आहेत, दत्तक देताय की गृहकर्ज, असं एक गृहस्थ म्हणाले. गृहकर्जाला आम्ही इतकी चौकशी केली नसती. हप्ता थकला तर बँक घर परत घेते, पण थकलेला कुत्रा परत आणायला कुणी ढाब्यामागे जात नाही. आम्ही आधी घर येऊन पाहू, महिनाभर चाचणीवर देऊ, आणि जमलं नाही तर त्याला परत आमच्याकडेच आणायचं, असं लिहून घेऊ. तोवर तो इथेच आहे. घर मिळालं नाही म्हणून कुठल्याही घरात जाणार नाही.

आपला,
बाळ्याचा तात्पुरता पालक

ता. क. (पहिल्या मालकांसाठी): घाबरू नका, आम्ही पत्ता शोधत नाही. उपाशी-तहानेलं राहावं लागेल अशा अवस्थेत जनावर सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे खरा, पण पहिल्या वेळी दंड दहा ते पन्नास रुपये. त्याच्या गळ्यात आपण सोडलेला पट्टा याहून महाग होता. आमचं मागणं एकच आहे: लसीकरणाचं कार्ड आणि खुब्यांचे एक्स-रे काढले असतील तर ते, निनावी पाकिटातून का होईना, पाठवून द्या. डॉक्टरांना उपयोग होईल.