कुबेराला आता वाढू नका

आपल्याकडे प्रेम म्हणजे वाढणं. पाहुण्याने पानावर हात आडवा धरला, तरी बोटांच्या फटीतून जिलबी सरकवता आली पाहिजे. त्याला आग्रह म्हणतात. माणसं हा आग्रह पचवतात. शतपावली घालतात, ओवा चघळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटावर बसतात. जेडच्या झाडाला ही सोय नाही. आमच्या सोसायटीत आजवर जे जेड दगावले, त्यांतला तहानेने गेलेला एकही मला आठवत नाही. सगळे लाडाने गेले.

मला हे ठाऊक असायचं कारण असं, की शेवटच्या घटका मोजणारा जेड आमच्या गॅलरीत आणून ठेवायची पद्धत इथे पडली आहे. “तुझा हात चांगला आहे रे,” म्हणतात आणि कुंडी टेकवून निघून जातात. हात वगैरे काही नाही. मला पाणी घालायला सवड नसते, एवढंच माझं शास्त्र.

गेल्या पावसाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू अशीच एक कुंडी घेऊन आल्या. चिनी मातीची, पांढरीशुभ्र, काठाला सोनेरी रेघ, आणि खाली भोक नाही. भोक का नाही, तर दिवाणखान्यात ओघळ येतात म्हणून. लेकाच्या बढतीला कुणीतरी दिलेली भेट. त्यामुळे झाडाची पानं गळू लागल्यापासून काकूंना लेकाच्या नोकरीचा घोर लागला होता.

“बघ ना, किती सुकलंय. रोज न चुकता पाणी घालते, तरी सुकतंच आहे.”

“रोज घालता म्हणूनच सुकतंय, काकू.”

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, की चहा न घेताच निघतील असं वाटलं. पण गोम खरोखर तिथेच आहे. तहानलेल्या जेडची पानं सुरकुततात आणि बुडालेल्या जेडचीही सुरकुततात. माती सतत ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. गळ्यापर्यंत पाण्यात उभं राहून झाड तहानेने मरतं. आपण सुरकुत्या बघतो, कळवळतो आणि आणखी एक तांब्या ओततो. खरं काय ते कळायला दोनच गोष्टी कराव्या लागतात: बोट मातीत खोल खुपसायचं आणि खोड बुडाशी दाबून बघायचं. काकूंच्या झाडाचं खोड मातीलगत काळं पडलं होतं. दाबलं तर साल सरकली आणि आतून घाण वासाचं पाणी आलं. वर दोन फांद्यांत मात्र अजून धुगधुगी होती.

“ठेवलं कुठे होतं?”

“उत्तरेच्या खिडकीत. कुबेराची दिशा ना ती!”

कुबेर उत्तरेचा दिक्पाल, हे खरंच. नर्सरीवालेही हे झाड ‘कुबेर’ म्हणून विकतात आणि त्याचे चार पैसे जास्त लावतात. पण आपल्या अक्षांशावर दसऱ्यापासून होळीपर्यंत उत्तरेच्या खिडकीत उन्हाची तिरीपसुद्धा पडत नाही. सूर्य जरा उत्तरेकडून जातो तो मेअखेरीपासून, आणि तेव्हा लगेच आभाळच भरून येतं. झाडाला हवं रोज काही तास ऊन. कुबेराला त्याच्याच दिशेला उपाशी ठेवायचं आणि वरून पाणी पाजायचं, हा प्रकार कुठल्या शास्त्रात बसतो, हे एकदा वास्तुवाल्यांना विचारायला हवं.

मुळात हे झाड आपल्या पंगतीतलं नाहीच. पुस्तकातला खरा जेड म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा. दक्षिण आफ्रिकेच्या खडकाळ उतारांवरचा. आपल्या नर्सरीत मात्र बारीक गोल पानांचा आणि तांबूस खोडाचा जो जेड मिळतो, तो बहुतेकदा पोर्तुलाकारिया आफ्रा असतो. गाव तेच, घराणं वेगळं. वनस्पतिशास्त्रज्ञ पूर्वी त्याला घोळाच्या भाजीच्या कुळात घालत. लक्ष्मीसाठी आणलेलं झाड घोळाच्या भावकीतलं निघालं, हे काकूंना सांगितलं तर त्यांचा पहिला प्रश्न, “मग भाजी होते का?” पानं आंबटसर असतात आणि तिकडे माणसं खातातही. पण त्याहून जास्त खातात हत्ती. ईस्टर्न केपमधल्या अड्डोच्या अभयारण्यात हत्तींचं हे आवडतं खाणं आहे. हत्ती वरून ओरबाडतात, फांद्या मोडून खाली पडतात आणि पडल्या जागी मुळं धरतात. शेळ्या बुडापासून खातात, तिथे मात्र झाड संपतं. म्हणजे हत्तीने मोडलेलं जगतं आणि काकूंनी जपलेलं मरतं.

मी अर्थात हत्तीचाच मार्ग धरला. सुरी स्पिरिटने पुसून काळ्या भागाच्या बरंच वर कापलं. कापात तपकिरी ठिपका दिसला की आणखी वर, असं करत स्वच्छ हिरवट पांढरा गाभा लागेपर्यंत. मग त्या फांद्या सावलीत कागदावर नुसत्या ठेवून दिल्या. कापलेल्या तोंडावर खपली धरेपर्यंत मातीत घालायचं नसतं, आणि पावसाळी हवेत त्याला जरा जास्तच वेळ लागतो. उपचार म्हणजे एवढाच. अवघड काम पुढे असतं: येणाऱ्या-जाणाऱ्यापासून फांद्या वाचवणं. घरात जो गॅलरीत डोकावेल तो “अगं बाई, कोरडंच ठेवलंय की!” म्हणून हात ओला करून शिंपडायला बघतो. आजाऱ्याला काही न देता बसायचं, हे आपल्या रक्तातच नाही.

नंतरची मातीही गरिबीची. जाड वाळू, विटांचा चुरा, नावापुरतं शेणखत. कोकोपीट नको, ते पाणी धरून बसतं. आणि नर्सरीतून मुळांभोवती येणारा लाल चिकट मातीचा गोळा तर आधी सोडवूनच टाकावा.

या मंडळींचा दिनक्रमही उलटा असतो. दिवसा उन्हात पानांची छिद्रं मिटून घ्यायची, रात्री गारव्यात उघडून कर्बवायू आत घ्यायचा आणि तो आम्लाच्या रूपात सकाळपर्यंत साठवायचा. म्हणून पान सकाळी आंबट आणि दिवस चढेल तसा आंबटपणा कमी. ही गंमत प्रथम टिपली गेली ती हिंदुस्थानातच, क्रॅसुलाच्या कुळातल्या आपल्या पानफुटीवर. बेंजामिन हेन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने वेगवेगळ्या वेळी पान चावून चव लिहून ठेवली आणि १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीने ती छापली. मुतखड्यावर पानफुटी चावणारे आपल्याकडेही कमी नव्हते. पण आजारी माणूस घड्याळ लावून चव बघत नाही.

दिवाळीच्या सुमारास फांद्यांना नवी, चकचकीत पानं फुटली आणि काकू झाड न्यायला आल्या. समोर चार छोट्या कुंड्या.

“यातलं माझं कोणतं?”

“सगळीच तुमची.”

“तसं नव्हे रे. मूळ झाड कोणतं?”

मूळ झाड, म्हणजे ती मुळं आणि ते खोड, केव्हाच कचऱ्याच्या गाडीतून गेलं होतं. काकू विचारात पडल्या. कुबेर चौघांत वाटला गेला, की एकाच कुंडीत शाबूत आहे? एक जावेला द्यावी का, यावर बराच खल झाला. जावेकडे बक्कळ आहे म्हणून तिला बारकी द्यायची ठरली. मग सगळ्यात भरदार कुंडी उचलून त्यांनी तळाचं भोक नाराजीने निरखलं.

“पाणी कधी घालू?”

“पानं बोटाला जरा मऊ लागली की. तोवर काहीही नाही.”

दोन दिवसांनी त्या जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “थेंबभर पाणी घातलं नाही हो, शप्पथ. पण ताक चालेल ना रे? कढीपत्त्याला घालते मी.”