चार बोटं कमी

आमच्या घरी बॉम्ब शेल्टर आहे. सिंगापूरच्या नव्या सरकारी फ्लॅटांत जाड भिंतींची आणि लोखंडी दाराची ही खोली असतेच. युद्ध झालं तर माणसांनी आत बसायचं. तूर्त तिथे अडगळ बसलेली असते. आमच्याकडे गणपतीचं मखर, चकलीचा सोऱ्या आणि या दोघांच्या मधे आठ महिन्यांपासून एक खोकं. खोक्यात शॉर्ट शिफ्टर आहे, म्हणजे गिअरचा दांडा आखूड हलावा म्हणून बसवायचा जोड. दुसऱ्याच्या वापरातला, स्वस्तात मिळाला म्हणून घेतला. बसवायचा की नाही, हे घेतल्यानंतर ठरवायचं होतं.

गाडी २००८ची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट. सोळाशे सीसी, हाताने टाकायचे पाच गिअर. पुण्याच्या मेव्हण्याला हे कौतुकाने सांगितलं, तर म्हणाला, "स्विफ्ट? आमच्या सोसायटीत अकरा आहेत." त्याला काय सांगणार? इथे गाडी घ्यायची तर आधी ती दहा वर्षं बाळगण्याचा हक्क लिलावात घ्यावा लागतो. १९९०पासूनची ही पद्धत, तिला सीओई म्हणतात. ऑक्टोबर २०२३मध्ये मोठ्या गाड्यांच्या गटात हा हक्क १,५०,००१ डॉलरला गेला. त्यात गाडी येत नाही. तो वरचा एक डॉलर लावणाऱ्या पद्धतीचं मला फार कुतूहल आहे. मंडईत ती चांगली टिकली असती.

दहा वर्षं संपली की गाडी मोडीत काढा, नाहीतर चालू भावाने पुन्हा पैसे भरा. मी २०१८मध्ये भरले. तेव्हापासून रोड टॅक्सवर अधिभार लागला, तो वाढत वाढत पन्नास टक्क्यांवर गेला आणि दोन वर्षांनी होणारी तपासणी दरवर्षी सुरू झाली. माझीही याच सुमारास सुरू झाली. दोघांपैकी गाडीचा रिपोर्ट चांगला येतो.

तर, दांडा. याची गंमत पहारीसारखी आहे. मधे टेकू, वरचं टोक आपल्या हातात, खालचं टोक गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या केबलला. शॉर्ट शिफ्टर वरच्या आणि खालच्या लांबीचं प्रमाण बदलतो. दुसऱ्यातून तिसऱ्यात जायला हात वीतभर जात असेल तर तो चार बोटं कमी जातो. पण पहार आखूड धरली की दगड जड लागतो, तसंच इथे. अंतर वाचतं, जोर वाढतो. फुकट काही मिळत नाही, हे मला पदार्थविज्ञानाच्या सरांनी आणि सिंगापूरने सारख्याच ठामपणे शिकवलंय.

आता ही चार बोटं वाचवून जायचं कुठे? देश पूर्व-पश्चिम सुमारे पन्नास किलोमीटर. एक्स्प्रेसवेवर वेगाची मर्यादा बहुतेक ठिकाणी ऐंशी-नव्वद, म्हणजे पाचवा टाकला की दांडा विसरायचा. सगळ्यात उंच टेकडी बुकिट तिमा, १६३ मीटर. साताऱ्यात तिला टेकाड म्हटलं असतं. वळणं हवी असतील तर साउथ बुओना व्हिस्टा रोडला जातो. तिथे नव्याण्णव वळणं आहेत असं लोक म्हणतात. ती मोजायला घ्यावीत तोवर रस्ता संपतो. लेकीने तर लायसन्सच ऑटोमॅटिकचं काढलंय, तेव्हा कायद्याने तिला माझ्या गाडीला हात लावता येत नाही. परवा तिने विचारलं, "बाबा, हे सगळं अजून हाताने का करायचं?" मला उत्तर सुचलं नाही. सिग्नल हिरवा झाला होता, मी पहिला टाकण्यात गुंतलो होतो.

शेवटी खोकं घेऊन सिन मिंगला गेलो. तिकडे गॅरेजांच्या रांगाच आहेत. माझे नेहमीचे मेकॅनिक सत्तरीचे चिनी गृहस्थ, इथल्या रिवाजाने 'अंकल'. त्यांनी खोकं उघडलंही नाही. न्यूट्रलमध्ये दांडा दोन बोटांनी हलवून पाहिला. तो देवळातल्या घंटेच्या लोलकासारखा डुलला. "बुश गॉन केस लाह," अंकल म्हणाले. केबलच्या टोकांचे बुश झिजून गेले होते. दांडा लांब नव्हताच, ढिला होता. इतकी वर्षं मी लांबीला बोल लावत होतो.

नवे बुश चाळीस डॉलरमध्ये बसले. गिअर आता कसा पडतो म्हणाल, तर जुन्या कडीकोयंड्यासारखा, खट्ट. "आणि हे?" मी खोक्याकडे बोट दाखवलं. "कॅन," अंकल म्हणाले, "बट फॉर व्हॉट?" खोकं मखराशेजारी परत गेलं. विकून टाक, असं बायको म्हणते. बघू.

हे सगळं मी बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं. बाबा एसटीत ड्रायव्हर होते. त्यांच्या गाडीचा दांडा काठीएवढा, वाकडा, खालून उगवल्यासारखा. खंबाटकी घाट चढताना डबल क्लच मारून खालचा गिअर टाकायचे तेव्हा खांद्यापासून अख्खा हात हलायचा. केबिनमध्ये त्यांच्या डाव्या बाजूला बसायची मला बंदी होती, ती या हातामुळेच. आता ते ब्याऐंशीचे आहेत, खाटेवरून फार उठत नाहीत. म्हणाले, "दाखव की मग, कसा पडतोय."

मी खाली पार्किंगमध्ये गेलो. गाडी बंद ठेवून, क्लच दाबून, फोन दांड्यासमोर धरला. पहिला. दुसरा. पडद्यावर बाबांचा डावा हात चादरीवरून उचलला गेला, पुढे गेला, मधे न्यूट्रलला थांबला, पुन्हा निघाला. माझा पाचवा पडला तेव्हा त्यांचा अजून तिसराच चालला होता. मी दांड्यावर हात ठेवून थांबलो.