रेंजशास्त्री

शहरी गृहनिर्माण संस्थांत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार हे तीन पदाधिकारी उपविधींनुसार निवडले जातात. चौथे पद मात्र कोणत्याही उपविधीत नमूद नसताना तहहयात चालते, आणि ते म्हणजे रेंजशास्त्र्याचे. हे गृहस्थ बहुधा बँकेतून किंवा वीज मंडळातून निवृत्त झालेले असतात, त्यांच्या खिशात टेस्टर आणि फोनमध्ये वायफायच्या लहरींचे आलेख काढणारे ॲप असते, आणि जिन्यात कोणी ‘नेट स्लो झालंय’ एवढे पुटपुटले, तरी त्या घराची बेल पाच मिनिटांत वाजते.

निदानाची पद्धत ठरलेली आहे. आरतीच्या तबकासारखा फोन दोन्ही हातांत धरून शास्त्रीबुवा खोलीखोलीतून फिरतात आणि आकडे मोठ्याने वाचतात. हे आकडे डीबीएम या मापातले, म्हणजे एक मिलिवॅट शक्तीच्या तुलनेत लहर किती उरली हे सांगणारे, आणि घरात नेहमीच उणे असतात. उणे ५० उत्तम, उणे ८० जेमतेम, आणि दर तीन अंकांच्या घसरणीला शक्ती निम्मी होत जाते. ‘वहिनी, स्वयंपाकघरात उणे ८४!’ या घोषणेने गृहिणीचा चेहरा उतरतो व चहात आपोआप वेलदोडा पडतो, हा या शास्त्राचा आजवर निरपवाद ठरलेला नियम होय.

निदान बरोबर असते, हे प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. फायबरची तार जिथून घरात शिरते तिथेच, म्हणजे बहुधा मुख्य दरवाजाच्या वर, केबलवाल्याचा पोरगा राउटर लटकवून जातो, त्यामुळे निम्म्या लहरी जिन्याची आणि समोरच्या बिऱ्हाडाची सेवा करतात. उरलेल्यांपैकी २.४ गिगाहर्ट्‌झच्या, सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी पार होतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेग जास्त देतात, पण लांबीने निम्म्याहून आखूड असल्याने सळयांच्या दोन भिंतींनंतर हाय खातात. लोखंडी कपाट आणि मोठा आरसा लहरी परतवतात, माशांची टाकी त्या पिते, आणि मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासच चालत असल्याने पापड भाजला जाईपर्यंत जावयाची ऑनलाइन मीटिंग अडखळते.

यावरचा खरा उपाय शास्त्रीबुवांना ठाऊक असतो: राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर, उघड्यावर ठेवावा किंवा लांबच्या खोलीपर्यंत सरळ तार ओढून तिथे दुसरा बसवावा. परंतु तार ओढायची तर पीओपीला भोक पडते, आणि ‘असला शिंगाड्या डबा माझ्या हॉलमध्ये नको’ हा गृहस्वामिनीचा निकाल अपिलाच्या पलीकडचा असतो. अखेर तडजोड म्हणून राउटर शोकेसमध्ये, पितळी समई आणि स्टीलच्या ढालींच्या मागे जातो आणि त्यावर क्रोशाचा रुमालही येतो. मग घरातला मुलगा अँटेनाचे टोक बेडरूमच्या दिशेने रोखतो, वास्तविक उभ्या अँटेनाच्या लहरी तिच्या बाजूंनी आडव्या पसरतात आणि टोकाच्या दिशेनेच सर्वांत क्षीण असतात. शास्त्रीबुवा ती मुकाट्याने सरळ करतात. त्यांची पाठ वळताच मुलगा पुन्हा रोखतो.

वेगाच्या विषयात मात्र शास्त्रीबुवांचे पांडित्य किंचित घसरते. शंभरच्या प्लॅनमध्ये शंभर मेगाबिट मिळतात आणि आठ बिटांचा एक बाइट होत असल्याने चित्रपट सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइटने उतरतो, हे ते अचूक समजावतात. पण लगेच ज्या खोलीत रेंज मेलेली आहे तिथल्याच प्लगमध्ये रिपीटर लावायला सांगतात. रिपीटर हे आलेली लहर पुन्हा पुढे पाठवणारे यंत्र असल्याने ते राउटर आणि त्या खोलीच्या मधोमध हवे, शिवाय स्वस्त रिपीटर ऐकणे व बोलणे एकाच रेडिओवर करत असल्याने वेग साधारण निम्मा करतो. परिणामी फोनवर कांड्या पूर्ण दिसतात आणि मालिका तरीही गोल गोल फिरत राहते. कांड्या भरल्या, एवढ्यावर शास्त्रीबुवा रुग्ण बरा झाल्याचे जाहीर करतात.

त्यांचा हातखंडा प्रयोग चॅनेलचा आहे. भारतात २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त झाला आणि पुढे घरोघरचे राउटर त्यात शिरले. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल मात्र १, ६ आणि ११ असे तीनच धरले जातात. चार मजल्यांच्या इमारतीत तीनांची वाटणी व्हायची म्हणजे कोणीतरी कोणाच्या तरी पाटावर बसणारच. शास्त्रीबुवा तिसऱ्या मजल्यावरचा राउटर ६ वरून ११ वर नेतात, तिथला व्हिडिओ खरोखरच सुरळीत चालू लागतो, आणि ११ वर आधीपासून नांदत असलेल्या दुसऱ्या मजल्याहून संध्याकाळपर्यंत निरोप येतो: ‘काका, जरा येता का? आमचं नेट रडतंय.’