वीस पाकिटांची भाकरी

रविवारी आमच्या सोसायटीत ‘चौरस आहार’ या विषयावर व्याख्यान झालं. अर्धं ताट भाज्या, वाटीभर वरण, मीठ-साखर बेतानं आणि पाकिटातलं शक्यतो नकोच, असं पाहुण्यांनी तासभर समजावलं. मग निघताना प्रत्येकाच्या हातात एकेक पाकीट ठेवलं. नाचणीची बिस्किटं!

पाकीट देखणं. पुढं मूठ वळलेली नाचणीची कणसं, त्यामागं डोंगर, डोंगरावर सूर्य. मागं मात्र मुंगीच्या अक्षरांतला मजकूर. हिनं भिंग आणलं. मैदा, साखर, पाम तेल, इन्व्हर्ट सिरप (म्हणजे पुन्हा साखरच, फक्त सोवळं नेसून आलेली) आणि मग लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत टाचा उंचावणाऱ्या चुलत मामासारखी नाचणी. 4 टक्के. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापावे लागतात, म्हणून मामा सापडला.

75 ग्रॅमचे 4 टक्के म्हणजे 3 ग्रॅम. आमच्याकडे एका भाकरीला 60 ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे एक भाकरी बरोबर 20 पाकिटं. हा हिशेब मांडल्यापासून मला झोप नाही. पाकिटावर 24 टक्के साखर आणि 20 टक्के स्निग्ध पदार्थ लिहिलेत. तेव्हा एका भाकरीबरोबर 360 ग्रॅम साखर आणि 300 ग्रॅम तेल-तूप पोटात जाणार, तोंडी लावायला पिठलं वेगळं. दोन भाकऱ्यांचा माणूस 40 पाकिटं फोडणार. त्याचं रविवारचं जेवण मंगळवारी उरकेल. पाहुण्यांना आग्रह कसा करायचा? ‘अर्धी तरी घ्या हो’ म्हणायचं आणि 10 पाकिटं पुढ्यात ओतायची. मधुमेहामुळं ज्यांना चतकोरच सांगितली आहे, त्यांना 5. पाकीट 30 रुपयांना, तेव्हा भाकरी पडली 600 रुपयांना. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे नाचणीचं पीठ 80 रुपये किलो आहे. त्याची भाकरी 5 रुपयांच्या आत होते, आणि ती खायला भिंग लागत नाही.

कॅल्शियमचं म्हणाल, तर 100 ग्रॅम नाचणीत ते साधारण 340 मिलिग्रॅम असतं, गव्हाच्या कितीतरी पट. अख्ख्या पाकिटातल्या नाचणीच्या वाट्याला त्यातलं 10 मिलिग्रॅम येतं. दोन चमचे दुधात तेवढं मिळतं. पण दुधाच्या चमच्यावर डोंगर छापता येत नाही.

इथवर मी हसत होतो. पण हीच नाचणी मी शाळेत फडक्यात बांधून न्यायचो आणि फडकं मांडीवर धरून, वर्गाकडं पाठ करून खायचो. ‘काळी भाकरी’ म्हणून पोरं हसायची, बाईसुद्धा हसायच्या. घरी पावणे आले की आई ती भाकरी झाकून ठेवायची आणि उधारीचे तांदूळ शिजवायची. वरकस जमिनीत, भर पावसात कमरेत वाकून नाचणी लावणाऱ्या बायकांना तेव्हा कुणी ताकदीबद्दल विचारलं नाही. आमच्या ताटातून ती लाजवून लाजवून हाकलली, गव्हाची पोळी म्हणजे सुधारणा असं शिकवलं, आणि आता तिच्या कणसाचं चित्र लावून आम्हालाच मैदा विकताय? वर व्याख्यान देऊन? ज्यांनी तेव्हा नाकं मुरडली तेच आज 3 ग्रॅमला तोलामोलाचं ‘सुपरफूड’ म्हणतात, आणि आम्ही टाळ्या वाजवून पाकीट घरी आणतो. मीही वाजवल्या.

असो. व्याख्यानाची 63 पाकिटं उरली आहेत, म्हणजे तीन भाकऱ्या आणि वर थोडा चुरा. हवी असतील त्यांनी सोसायटीच्या ऑफिसातून 11 ते 1 या वेळात न्यावीत. भाकरी हवी असेल त्यांनी आमच्याकडं यावं. पिठलं संपायच्या आत या.